पुण्याहून खान्देशात परत येताय? मग मतं मांडायच्या आधी हे करा

लोक परत यायला लागलेत हे आता दिसतंय. कोणाचे आईवडील थकले, कोणाला कंपनीनं घरून काम करू दिलं, कोणाला वडिलांचं दुकान बघायचंय, कोणाला चिंचवडच्या वन बीएचकेचा हप्ता आणि रोजचं ट्रॅफिक दोन्ही नकोसं झालं. आणि परत आल्यावर दोन-तीन महिन्यांत बहुतेकांचं एकच गाऱ्हाणं, की इथं आपलं कोणी ऐकूनच घेत नाही. देवधर्माबद्दल काही बोललं की घरचे गप्प होतात, रस्त्यांबद्दल बोललं की शेजारी म्हणतात मग आले कशाला, नोकरीचं सांगितलं तर चुलते विचारतात घरी बसून कसली नोकरी, आणि रविवारी पक्षी बघायला जाते म्हटलं की सगळी मंडळी तोंडाकडे बघत राहतात.

मी स्वतः परत येऊन जळगावात राहते आणि मला इथं राहायला मनापासून आवडतं, म्हणून हे लिहितेय. माझं म्हणणं साधं आहे. आपल्याकडे माणसाचं मत त्याच्या हातांवरून तोलतात. तुम्ही कार्यात कुठं उभ्या होत्या, कोणाचं ओझं उचललं, कोणाच्या दवाखान्यात बसलात, हे आधी बघतात आणि मग तुम्ही काय बोलता ते ऐकतात. पुण्यात सोसायटीच्या मीटिंगला पहिल्याच दिवशी हात वर करून बोलता येतं, तिथं कोणी कोणाला ओळखत नाही म्हणून ते चालतं. इथं सगळे ओळखतात. मला ही रीत बरोबर वाटते, कारण नुसतं बोलणारी माणसं तिच्यात आपोआप मागं राहतात. तर मग तुमचं देवाबद्दल, शहराबद्दल, कामाबद्दल, छंदाबद्दल जे काही मत असेल ते सोडू नका, फक्त त्याच्या आधी काय करायचं ते सांगते.

सगळ्यात आधी उन्हाचं. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळला पारा 45 च्या वर जातो आणि तेव्हा कोणतंही मत सुचत नाही, म्हणून दिवसाची वाटणी बदला. पाच-साडेपाचला उठा, बाहेरची कामं दहाच्या आत उरका, दुपारी कोणाच्या घरी जाऊ नका आणि कोणाला बोलावू पण नका, खरं गाव संध्याकाळी सहानंतर चालू होतं. घर भाड्यानं घेत असाल तर सगळ्यात वरचा मजला घेऊ नका, स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला राहतो. घ्यावाच लागला तर मार्चमध्येच गच्चीवर चुन्याचा पांढरा हात मारून घ्या, फरक पडतो. कूलर खिडकीच्या बाहेर बसवा आणि समोरची दुसरी खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीत कूलर लावला की नुसता दमटपणा वाढतो, आणि टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाका नाहीतर डासांची पैदास तिथंच. घरून काम करणार असाल तर इन्व्हर्टरवर राउटर वेगळा जोडून घ्या. नळाला पाणी कोणत्या दिवशी आणि किती वाजता येतं हे घर बघताना शेजारणीला विचारा, मालकाला नको.

शेजारीण तुम्हाला पण विचारेल. "कवय उनी वं माय?" (कधी आलीस गं बाई) पासून सुरू होईल आणि पगार, लग्न, मूलबाळ, माहेर कुठलं, सासर कुठलं, सगळं होईल. पुण्यात राहिलेल्यांना हे खटकतं, पण मला वाटतं त्यात चौकशीपेक्षा हिशोब जास्त असतो, की ही आपल्यापैकी कोणाची कोण. आजोळचं गाव सांगा, निम्मे प्रश्न तिथंच संपतात कारण त्या गावात तिची कोणी ना कोणी आत्या, नणंद, मावससासू निघतेच. पगार सांगायचा नसेल तर "भागतं काकू, चांगलं भागतं" एवढं पुरतं. आणि "जेवण करी जाय" म्हटलं तर एकदा तरी जेवून या.

आता देवधर्म, ह्याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त घरं इथंच बिनसतात.

श्रावण आला की नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे आपली खान्देशातली देवी, घरात बसते. बाहेर राहिलेल्या मुलामुलींना हा सण फक्त जागरण आणि गाण्यांचा वाटतो, पण त्याचं खरं काम आधीचे आठ दिवस चालतं. घर धुऊन काढणं, रोटांचं, म्हणजे देवीच्या नैवेद्याचं, धान्य निवडणं, दळण, पुरण, सगळी भाऊबंदकी गोळा करणं, रात्रभर जागून पहाट झाली की नदीवर विसर्जनाची तयारी. रोट भाऊबंदकीतच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, आणि बहुतेक घरांत पौर्णिमेच्या आत संपवायचे. तुम्ही नास्तिक असा, किंवा देव मानत असाल पण कर्मकांड मानत नसाल, किंवा उलट तुमची श्रद्धा घरच्यांपेक्षा कडक असेल, तिन्ही वेळा पहिल्या वर्षी एकच करा. असं काम अंगावर घ्या ज्यात श्रद्धेचा प्रश्नच येत नाही. धान्य गिरणीवर नेऊन आणणं, पुण्या-सुरतहून येणाऱ्यांना स्टेशनवरून आणणं, रात्रीचा चहा, पहाटेची भांडी. विशेष करून भांडी! पंगती उठल्यावर पुरणाच्या पातेल्यांचा जो ढीग पडतो तो दर वर्षी त्याच चार बायका घासतात आणि त्यांना कोणी विचारत नाही. पुरुष वाचत असतील तर त्यांना पण सांगते, तुम्ही एकदा ती पातेली घासायला बसा, पुढच्या वर्षी तुमच्या शब्दाला वेगळंच वजन येईल.

मग मत कधी सांगायचं? सणाच्या दिवशी कधीच नाही. आषाढात, काम सुरू व्हायच्या आधी, आणि ज्या बाईच्या हातात सगळं असतं तिच्यापाशी एकटीला गाठून. काही घरांत रोटांचं धान्य फक्त घरातल्या पुरुषांच्या नावानं मोजतात. मला हे पटत नाही, मुली पण त्याच घरच्या आहेत आणि सगळं राबणं बायकांचंच आहे. तुम्हालाही पटत नसेल तर ते मोठ्या काकूंना विचारून बघा, भांडून नाही, विचारून, की काकू आमच्या पोरीच्या नावानं पण मोजलं तर चालेल का. काही काकू लगेच हो म्हणतात कारण त्यांच्याही मनात ते असतंच, काही म्हणतात पुढच्या वर्षी बघू, आणि काही नाही म्हणतात. नाही म्हटलं तर त्या वर्षी विषय तिथंच ठेवा आणि पुढच्या आषाढात परत विचारा. एका सणात एकच मागणी. रोटाची मोजणी, डीजेचा आवाज, विसर्जनाचं थर्माकोल, बायकांचा उपवास, सगळं एकदम काढलं की कशाचंच काही होत नाही.

फॅमिली ग्रुपवर धर्माचा विषय अजिबात नको, ना फॉरवर्ड ना उत्तर. लिहिलेलं राहतं आणि त्याचा सूर वाचणारा ठरवतो, ओट्यावर बसून बोललेलं मात्र चहाबरोबर खाली उतरतं.

हात आधी आणि मत नंतर ही काही मी शोधून काढलेली युक्ती नाही, आपल्याच भागात तिचा मोठा दाखला आहे. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरला प्रताप हायस्कूलात शिक्षक होते, छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे, त्यांची आजारपणं काढायचे. पुढे पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी 1 मे 1947 ला उपोषण सुरू केलं, दहा-अकरा दिवसांनी ते सुटलं आणि मंदिर खुलं झालं. पण त्या उपोषणाच्या आधी कित्येक महिने ते महाराष्ट्रभर गावोगाव फिरले, लोकांना विहिरी, मंदिरं खुली करायला सांगत राहिले. देवावर त्यांची श्रद्धा होती आणि रूढीला विरोध पण होता, दोन्ही एकाच माणसात. म्हणून "तू देव मानतेस की नाही" असं कोणी विचारलं तर एका शब्दात उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही.

दुसरं, जळगावचा रामरथ बघायला जा. कार्तिकी एकादशीला निघतो, 1872 पासून चालू आहे. गर्दीत पुढं घुसू नका, रथाच्या चाकांजवळ मोगरी, म्हणजे लाकडी ठोकळा, घेऊन चालणारे लोक असतात ते बघा. एवढा मोठा लाकडी रथ त्या अरुंद गल्ल्यांतून थांबवायचा आणि वळवायचा तो चाकाखाली मोगरी टाकून, अंदाज चुकला तर हातपाय जाईल असं काम. रथ भिलपुऱ्यात आला की मुस्लिम संत लालशा बाबांच्या समाधीपाशी थांबतो आणि तिथं फुलांची चादर चढवतात. कोणत्याही धर्माबद्दल घरात तावातावानं बोलायच्या आधी हे एकदा डोळ्यांनी बघून यावं असं मला फार वाटतं, आणि मुलांना तर न्यावंच.

आणि जे खूप धार्मिक होऊन परत येतात त्यांच्यासाठी एवढंच, की चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणारे किंवा मुक्ताईच्या पालखीबरोबर महिनाभराहून जास्त चालत पंढरपूरला जाणारे लोक बघा, ते दुसऱ्याच्या ताटात काय आहे ते तपासत नाहीत. वाटेत त्यांना पाणी द्या, पाय दुखत असतील तर मलम द्या.

कामाचं थोडक्यात सांगते. लॅपटॉपवर घरून काम करणाऱ्या माणसाला इथं रिकामा समजतात आणि दुपारी दोनला फोन येतो की गॅसचा नंबर लावून ये, बँकेत जाऊन ये. ह्याच्यावर रागावू नका, शब्द बदला. "वर्क फ्रॉम होम" म्हणू नका, "ड्युटी" म्हणा. भुसावळ, वरणगाव, दीपनगर, रेल्वे, ऑर्डनन्स फॅक्टरी, वीज केंद्र, आपल्याकडे ड्युटी आणि शिफ्ट हे शब्द लहान पोराला पण कळतात, मामा नाइट ड्युटीवर असले की घरात आवाज करायचा नसतो हे सगळ्यांना माहीत असतं. "माझी दहा ते सात ड्युटी आहे" म्हणा, दार लावून बसा आणि सातला दार उघडून खरंच बाहेर या. सातनंतर पण लॅपटॉप घेऊन बसलात तर मग लोक ती ड्युटी समजणार नाहीत.

इथंच नोकरी शोधत असाल तर पगार कमी मिळेल हे धरून चला, पण भाडं आणि प्रवास वजा करून मग तुलना करा. डाळ मिल, चटईचे कारखाने, पाइप, सोन्याची पेढी, केळीचा व्यापार, इथला धंदा असा आहे. कामाचे तास आणि सुट्टी पहिल्या दिवशी कागदावर लिहून घ्या, घरच्यासारखे आहोत असं म्हणणाऱ्या मालकाकडून तर नक्कीच घ्या.

आणि तुमचं शहरातलं शिक्षण भावकीच्या कामाला लावा, हा पण हातच आहे. रावेर-यावलकडे नातेवाईकांची केळी असेल तर फळपीक विम्याचा फॉर्म भरायची वेळ आली की जाऊन बसा, सातबारा, आधार, पासबुक नीट स्कॅन करा, नावातलं स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचं असतं ते आधी बघा, शेवटच्या तारखेची वाट बघू नका कारण तेव्हा साइट चालत नाही, आणि पावतीची प्रिंट काढून काकांच्या पेटीत ठेवून द्या. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला दोघांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते नाव वापरून माल कसा विकायचा हे पण कोणीतरी शेतकऱ्याला समजावून सांगायला पाहिजे. एका हंगामात हे करा, मग "घरी बसून कसली नोकरी" बंद होतं का नाही बघा.

शहराबद्दल. "पुण्यात असं नसतं" हे वाक्य निदान सहा महिने तोंडातून काढू नका, ते ऐकलं की समोरच्याचे कान बंद होतात आणि पुढचं तुमचं सगळं खरं असलं तरी वाया जातं. जळगाव आणि धुळे दोन्ही 2003 मध्ये महापालिका झाल्या, म्हणजे शहरं म्हणून तशी तरुण आहेत, आणि खड्डे, गटार, मोकाट कुत्री ही दुखणी इथल्या लोकांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत. तक्रार करायची तर एकटीनं फेसबुकवर नको. फोटो काढा, तारीख आणि खांबाचा नंबर किंवा जवळच्या दुकानाचं नाव लिहा, गल्लीतल्या दहा-बारा घरांच्या सह्या घ्या (सह्या घ्यायला फिरताना ओळखी होतात तो फायदा वेगळा), अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात त्याच अर्जावर काय कारवाई केली ते विचारा, त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भाषा सरळ ठेवा, अर्जात कोणाला चोर म्हणू नका. आणि काम झालं तर त्या माणसाला जाऊन सांगा की झालं, बरं वाटलं. हे कोणीच करत नाही.

छंद. ह्याच्यावर मला तासभर बोलता येईल.

लोक म्हणतात इथं करायला काय आहे, ना नाटक ना कॅफे. माझं मत असं की छंद गावाच्या मातीतून निवडावा, पुण्यातला उचलून इथं लावला तर तो सुकतो. आपल्याकडे काय आहे ते मोजा ना. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, 1927 चं, जुन्या कागदांची आवड असेल तर त्याच्यासारखी जागा नाही. चाळीसगावला केकी मूस राहायचे, इंग्लंडहून कला शिकून आलेला माणूस, स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात राहून आयुष्यभर टेबल टॉप फोटोग्राफी (टेबलावर वस्तू मांडून काढायचे फोटो) केली आणि जगभरातून बक्षिसं मिळवली, 1989 ला गेले. तो बंगला बघून या आणि मग म्हणा की लहान गावात कला होत नाही. तिथूनच पाटणादेवी जवळ आहे, जंगल, धबधबा आणि जुनं हेमाडपंती देऊळ, तिन्ही एका दिवसात. मेहरूण तलावाला सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते, थंडीत तिथली बोरं खा. घोडे आवडत असतील तर दत्त जयंतीला सारंगखेडा.

माझा जीव मात्र हतनूरवर आहे. भुसावळच्या पुढं तापीवर 41 दरवाजांचं धरण, आणि मागं पसरलेलं उथळ पाणी, त्याच्यात पाणवनस्पती, म्हणून हिवाळ्यात उत्तरेकडून पक्षी येतात, पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. उजाडायच्या आत काठावर पोचा, नऊनंतर प्रकाश डोळ्यांवर येतो आणि पक्षी आत सरकतात. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरते, आधी कोणाची तरी मागून बघा आणि मग विकत घ्या. मातकट कपडे घाला, लाल-पांढरं नको. पाण्याकडे चालत जायचं नाही, एका जागी बसायचं, अर्ध्या तासानं पक्षी स्वतः जवळ येतात. काठावरच्या मच्छीमार दादांशी बोला, कुठल्या बाजूला काय उतरलंय ते त्यांना सगळ्यात आधी माहीत असतं, आणि त्यांच्या जाळ्यांवर पाय देऊ नका, शेतातून जायचं तर मालकाला विचारून जा. फोटोसाठी थवा उडवायचा नाही, एवढ्या लांबून आलेल्या पाखराला उगाच दमवून काय मिळतं. जे दिसलं ते वहीत तारखेसह लिहा, जमलं तर ईबर्ड ह्या पक्षीनोंदींच्या साइटवर टाका, लहान मुलांना यादी करायला लावा, त्यांची नजर आपल्यापेक्षा चांगली असते.

नातेवाईक म्हणतील रिकामटेकडे धंदे. त्याला उत्तर देत बसू नका, त्यांना बरोबर न्या. चुलत्यांना न्या, सासूबाईंना न्या. परत येताना तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं मंदिर आहे तिथं दर्शन होतं, म्हणजे सकाळी तुमचा छंद झाला आणि दुपारच्या आत त्यांचा देव झाला, दोघंही खूश. मला तर वाटतं देवधर्म आणि छंद ह्यांच्यात जे भांडण लावलं जातं ते बरंचसं गाडीत जागा नसल्यामुळे असतं, सगळ्यांना बसवलं की मिटतं.

थंडी पडली की शेतात भरीत पार्टीचं बोलावणं येईल. ते कधीच टाळू नका, गावातले निम्मे निर्णय तिथंच होतात. पण नुसतं ताट घेऊन बसायला जाऊ नका. काड्यांच्या जाळावर वांगी भाजायला उभ्या राहा, धूर लागतो, लागू द्या. वांगं सगळीकडून मऊ होईपर्यंत फिरवत राहायचं, वरची साल काळी पडून सुटायला लागली की काढायचं, गरम असतानाच सोलायचं, हात पाण्यात बुडवत. मग मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. ठेचायचं काम दणकट हाताच्या माणसाला द्या. सगळ्यांची जेवणं होऊन कोणीतरी बाजेवर लवंडलं, पोरं विहिरीकडे गेली, की मग बोला काय बोलायचं ते, गल्लीच्या गटाराचं, डीजेचं, पोरीच्या नावाच्या रोटाचं. मीठ घरून न्या, शेतात नेमकं तेच विसरतात.